सगळ्या रेघा भरलेल्या

"माझा फोन वाजला होता की नाही, तेवढं शोधून द्या," ती म्हणाली आणि मान खाली घालून बसली.

भाऊजी दोन्ही हात पुढे धरून बसले होते. हातांभोवती उसवलेल्या स्वेटरची लोकर होती आणि समोर वहिनी तिचा गुंडा करत होत्या. पाहुणी आली तरी वहिनींनी दिराची सुटका केली नाही. लोकांची अडलेली कोडी सोडवणं हा वहिनींचा धंदा. त्याआधी सारी उमर टेलिफोन खात्यात गेलेली. भाऊजी शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर. ते सोबतीला जात. सोबतीला आणि चुकीचा माणूस धरायला, असं वहिनी म्हणत.

"आधी तुम्ही कोण ते सांगा. मग काय झालं ते."

बाई टंकलेखनाचं काम करत होती. डॉक्टर लोक दिवसभराचे रोगी बोलून ठेवतात, ती रेकॉर्डिंग संध्याकाळी तिच्या फोनवर येतात, ती ऐकून कागदावर उतरवायची. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान चढाच्या माथ्यावर. पुढे दुकान, मागे घर. समोरच्या गच्चीवर फोनचा टॉवर. आई आणि थोरला भाऊ उताराच्या पायथ्याशी राहत.

"मागच्या आठवड्यात दुपारी आईकडे गेले होते. काठी वापर म्हणून सांगत होते, ती ऐकेना. मी चिडले. म्हटलं, पडशील तेव्हा मला बोलवू नकोस."

लोकरीचा गुंडा थांबला.

"त्याच संध्याकाळी पडली. स्वयंपाकघरात. खुब्याचं हाड मोडलं. दादा बाहेर होता, तो सकाळी आला. रात्रभर फरशीवर पडून होती हो माझी आई, फोन हातात धरून. सारखी मलाच फोन लावत होती म्हणे. दादा म्हणतो, मी मुद्दाम फोन बंद ठेवला. आई काहीच म्हणत नाही. मी दवाखान्यात गेले की भिंतीकडे तोंड करते. उद्या तिला घरी नेणार आहेत. आणि दादाने बजावलंय, यापुढे त्या घराचा उंबरा चढायचा नाही."

"फोन कुठे होता तुमचा?"

"टेबलावर, डोळ्यांसमोर. रेकॉर्डिंग उतरत होती. मधे कुणाचा फोन आला की उतरणं थांबतं, मग पुन्हा सुरू करावं लागतं. त्या संध्याकाळी एकदासुद्धा थांबलं नाही. माझ्या लक्षात आहे." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "लक्षात आहे, कारण मला बरं वाटलं होतं. आज कुणी छळत नाही, म्हणून बरं वाटलं होतं."

ती गेल्यावर भाऊजींनी मान हलवली. "वहिनी, फोन हिनेच कापला. रागाच्या भरात कापला आणि आता मन खातंय. हिच्याकडे बघवत नव्हतं."

"तुमचं झालं का? चला, हात सोडवा. दवाखान्यात जायचंय."

*

म्हातारीची खोली लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला होती. वाटेत बाळंतिणींचा विभाग लागत होता. काचेच्या दाराआड सगळी बाळं एकदम रडत होती. भाऊजींनी कानांवर हात ठेवले.

खोलीच्या दारातच थोरला उभा होता. आडवा-तिडवा माणूस, आणि आवाज त्याहून आडवा.

"तिने पाठवलंय ना तुम्हाला? काय सिद्ध करायचं राहिलंय? टॉवरच्या उंबऱ्यावर राहते ती! आमच्या खालच्या अंगाला गेला महिनाभर संध्याकाळपासून सकाळपर्यंत कुणाचेच फोन लागत नव्हते, ते एक असो. पण तिचा न लागायला काय झालं? तिच्या घरात तर फोन खणखणीत चालतो. ती स्वतःच सांगायची!"

"आणि आता? खालच्या अंगाला?"

"आता लागतात. मी टॉवरवाल्याची तक्रार केलीय वर. घरी बसवतो की नाही बघा त्याला. लगेच सुतासारखा सरळ आला."

"त्या संध्याकाळी तुम्ही कुठे होता?"

आवाज एकाएकी लहान झाला. "कामाला." वहिनी नुसत्या बघत राहिल्या. "म्हणजे... मित्राकडे. पत्ते मांडले होते. उशीर झाला, तिथेच झोपलो." तो बाजूला झाला.

म्हातारी छताकडे बघत पडली होती. वहिनी शेजारी बसल्या, पांघरूण सारखं केलं.

"मावशी, तुमच्या फोनवर रेंज होती का हो तेव्हा?"

"होती तर. सगळ्या रेघा भरलेल्या. दुसरं काय होतं तिथे बघायला? फोन लावायचा, तो थोडा वेळ गप्प राहायचा आणि टूं करून तुटायचा. पलीकडे घंटी वाजल्याचं एकदाही ऐकू आलं नाही."

"मुलाला लावलात?"

"नाही."

"शेजारी?"

"नाही म्हटलं ना. तिलाच लावत होते. म्हटलं, बघते किती वेळ उचलत नाही ती. एकदा 'आई' म्हणाली असती तर बास होतं. हट्टाला पेटले मी. हाड मोडलेलं, आणि मी हट्ट करत बसले. कुणाला सांगू नका बाई हे."

मग तिने भिंतीकडे तोंड केलं.

*

टॉवरवाला गच्चीच्या जिन्यावर पायऱ्या अडवून बसला होता. टॉवरची देखभाल करणारा तरुण गडी, डोळे न झोपल्यासारखे.

"वहिनी, टॉवर एक क्षण बंद नव्हता. तक्रार आली की मी दुसऱ्या दिवशी वर चढायचो, सगळं तपासायचो. सगळं ठीक. संध्याकाळ झाली की पुन्हा बोंब."

"दिवसा ठीक, संध्याकाळी बोंब," वहिनी म्हणाल्या. "आजी पडल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी?"

"सकाळीच कळलं. मला राहवेना. या वरच्या रांगेत घरोघर, दुकानोदुकानी हिंडलो. कुणी रेंज वाढवायचं यंत्र बसवलंय का, असेल तर काढा, त्याने टॉवरचा कान फुटतो, म्हातारी मरता मरता वाचली, असं सांगत सुटलो. लाँड्रीवाला, शिंपी, चष्मेवाले, सगळे नाहीच म्हणाले. आणि गंमत बघा, त्याच संध्याकाळपासून बोंब थांबली."

"थोरला म्हणतो, त्याच्या तक्रारीने थांबली."

"त्याची तक्रार पुढे दोन-तीन दिवसांनी गेली की!"

जिना उतरताना भाऊजी कुजबुजले, "सावरासावर करतोय. सांगण्यासारखं काही असतं तर आधीच नसतं का सांगितलं?"

"सांगितलं की त्याने. तुम्ही पायऱ्या मोजत होता."

*

चष्म्याच्या दुकानावर मोठी पाटी होती. पाटीवर काळ्या रंगात चष्मा रंगवलेला, पोरांच्या वहीतल्यासारखा गोल गोल. उजव्या भिंगाच्या मधोमध पांढरा ठिपका होता.

"बघा वहिनी, रंगाऱ्याने काचेवर चकाकी दाखवलीय. हात बरा दिसतो त्याचा."

"एकाच काचेवर?"

"सावली एकाच बाजूला पडते, म्हणून."

वहिनींनी मान वळवून पाटीपासून थेट टॉवरपर्यंत नजर नेली.

चष्मेवाले इतके हळू बोलत की ऐकायला पुढे वाकावं लागे. त्यांनी पाणी आणलं, खुर्च्या पुढे केल्या आणि कुणी न सांगता भाऊजींच्या नाकावरचा चष्मा अलगद काढून घेतला. पुसून, काडी पिळून परत बसवला. भाऊजींना भिंतीवरचं कॅलेंडर एकदम स्वच्छ दिसू लागलं.

"यांचं असंच," बायको म्हणाली. आल्यापासून ती पहिल्यांदाच जरा हसली. "बोलत नाहीत, करून टाकतात. माझ्या खुर्चीचं चाक महिनोनमहिने किरकिरायचं. एक दिवस थांबलं. मी विचारलं, तर म्हणाले, थांबलं असेल."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. डॉक्टरच होते. "हॅलो... हॅलो? तुटतंय. हॅलो?" ती उठून भिंतीभिंतीने फिरली. "घर मागे आहे ना, भिंती काँक्रीटच्या, पुढे दुकानाची लोखंडी शटरं. आधी असंच व्हायचं. मधे महिनाभर काय छान चाललं होतं, एकही शब्द गळायचा नाही. आता पुन्हा तेच."

"खिडकीपाशी जा," नवरा दारातून म्हणाला.

"आपोआप सुधारलं होतं?" वहिनींनी विचारलं.

"हे म्हणाले, कंपनीने काहीतरी केलं असेल."

वहिनी उठल्या. "दुकान कधी मिटता हो?"

"ही कामाला बसली की," चष्मेवाले म्हणाले. "आवाजाचा त्रास नको तिला." दोघं निघताना त्यांनी विचारलं, "त्या टॉवरवाल्या पोराचं... काढणारच आहेत का त्याला?"

विचारताना ते वहिनींकडे बघत नव्हते. हातातली काच पुसत होते. ती कधीचीच स्वच्छ झाली होती.

रस्त्यावर आल्यावर भाऊजी म्हणाले, "किती भला माणूस!"

"हो ना," वहिनी म्हणाल्या, आणि झपाझप चालू लागल्या.

*

दुसऱ्या दिवशी म्हातारीला घरी न्यायच्या आधी वहिनींनी सगळ्यांना तिच्या खोलीत बोलावलं. थोरला पलंगाच्या पायथ्याशी होता, टॉवरवाला दाराला टेकलेला. मुलगी कोपऱ्यात, अंग चोरून. तिच्यामागे नवरा. म्हातारीचं तोंड भिंतीकडे होतं. व्हरांड्याच्या त्या टोकाला बाळांचा कालवा चालू होता.

"दार उघडंच असू दे," वहिनी म्हणाल्या. "ती बाळं मला हवीत."

त्यांनी पदर खोचला.

"ऐका. तिथे सगळी एकदम रडताहेत. तुम्हाआम्हाला तो नुसता गोंगाट. पण त्यातलं एक पोर कण्हलं की त्याचीच आई जागी होते, शेजारची कूस बदलूनही बघत नाही. प्रत्येकीला आपल्या पोराच्या रडण्याची खूण ठाऊक. आपल्या फोनची तऱ्हा हीच. सीडीएमए म्हणतात तिला. सगळे फोन एकाच वेळी, एकाच लहरीवर बोलतात. कुणाचं गाणं, कुणाची रेकॉर्डिंग, कुणाचं भांडण, सगळं एकात एक. फक्त प्रत्येक बोलण्याला कोडची खूण बांधलेली असते. टॉवर ती खूण धरून एकेकाला वेगळं काढतो, बाकीचा त्याच्या लेखी गोंगाट."

"हे शाळेत शिकवा," थोरला म्हणाला. "हिने फोन बंद केला होता की नाही?"

"नव्हता. बंद फोनवर रेकॉर्डिंग उतरत नाही. तिची सगळी उतरली."

"मग आईचा फोन आलेला कापला!" भाऊजींच्या मनातलं थोरल्याच्या तोंडून आलं.

"बोलण्याला मान पहिला. फोन आला की उतरणं थांबतं. उचला नाहीतर कापा, ते एकदा थांबतंच. त्या संध्याकाळी ते एकदाही थांबलं नाही. आणि मावशी स्वतःच म्हणाल्या, पलीकडे घंटी वाजलीच नाही. हिच्यापर्यंत हाक पोचलीच नव्हती."

पलंगावरचं पांघरूण किंचित हललं.

"म्हणजे टॉवर बंद होता," थोरला टॉवरवाल्याकडे वळला. "बघ, मी म्हणत नव्हतो?"

"तोही नव्हता. टॉवर बंद असता तर मावशींच्या फोनवर रेघा कुठून येणार? सगळ्या रेघा भरलेल्या होत्या. रेघा म्हणजे टॉवरचा आवाज आपल्याला किती येतो ते. आपला आवाज त्याला पोचतो की नाही, हे रेघा सांगत नाहीत." वहिनी थांबल्या. "टॉवर बोलत होता. त्याला ऐकू येत नव्हतं."



"या पद्धतीत एक शिस्त असते. जवळच्याने हळू बोलायचं. टॉवर सारखा सांगत असतो, तू जवळ आहेस, आवाज कमी कर. तू लांब आहेस, वाढव. जवळचा ओरडला की लांबच्यांचं बुडालं. त्या खोलीत पाळण्याशी कुणी कर्णा फुंकला, तर कुठली आई आपलं पोर ओळखणार? कुणीतरी टॉवरच्या तोंडासमोर यंत्र लावलं. रेंज वाढवायचं, बूस्टर. ते कुणाचं ऐकत नाही, सदा पूर्ण आवाजात. त्याच्या आडोशाला जो फोन असेल तो खणखणीत चालतो, आणि पायथ्याच्या घरांतून गेलेली हाक टॉवरच्या दाराशी मरते."

"कुणी लावलं?" टॉवरवाल्याने विचारलं.

"तू दिवसा चढायचास, तेव्हा ते बंद असायचं. संध्याकाळी कुणीतरी चालू करायचं, ते सकाळपर्यंत चालूच राहायचं. तू ज्या सकाळी दारोदार सांगत फिरलास, त्याच दिवशी ते निघालं. म्हणजे ज्यांना तू सांगितलंस, त्यांच्यातलाच कुणीतरी. महिनाभर सगळ्या पायथ्याचे फोन बिघडले होते, तेव्हा वरच्या रांगेत एका घरातला फोन सुधारला होता. पायथ्याचे सुधारले, त्या दिवसापासून त्या घरातला बिघडला. काल माझ्यासमोर तुटला."

मुलीने हळूच मान वर केली. "पण आमच्याकडे असलं काही..."

"तुमच्या घरात नव्हतं. दुकानात होतं. पाटीवरच्या चष्म्याच्या एकाच काचेत पांढरा ठिपका आहे. भाऊजींना ती चकाकी वाटली. ती लांबी आहे, भेगा बुजवायचा पांढरा लगदा. तिथलं भोक बुजवलंय. तिथून यंत्राची वायर बाहेर यायची, समोर टॉवर. रंग द्यायला वेळ झाला नाही." वहिनींचा आवाज आता चष्मेवाल्यांइतकाच हळू झाला होता. "पुढचं मी सांगणार नाही. माझं काम फोन वाजला की नाही एवढंच होतं."

मुलगी वळली नाही. तिच्या मागे उभ्या माणसाचा श्वास तेवढा तिला ऐकू येत असावा.

चष्मेवाल्यांचे ओठ हलले.

"काय म्हणाला?" म्हातारीने भिंतीकडे बघतच विचारलं. "मला ऐकू आलं नाही."

"मी... मी लावलं होतं."

"मोठ्याने बोला, जावई."

त्या माणसाने जन्मात कधी आवाज चढवला नसेल. तो दोनदा चाचरला. मग बोलला तो इतका मोठ्याने की व्हरांड्यातली परिचारिका थबकून आत बघू लागली.

"मी लावलं होतं! हिचं काम तुटायचं, ही रडायची, म्हणून लावलं. सांगितलं नाही. त्या सकाळी हा पोरगा आला, तेव्हा कळलं मी काय केलंय. नाही म्हणालो त्याला. नंतर सगळे हिला बोलत होते आणि मी... मी पाणी आणून देत होतो सगळ्यांना. रोज ठरवायचो आज सांगीन. रोज ही माझ्याकडे बघून म्हणायची, तुमचा तरी विश्वास आहे ना माझ्यावर? मी हो म्हणायचो." त्याने चष्मा काढला. पुसला नाही. "मला यंत्राची लाज नाही वाटत. त्या 'हो'ची वाटते."

थोरल्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण बहुधा त्याला पत्ते आठवले. तो खिडकीबाहेर बघू लागला. मग टॉवरवाल्याजवळ जाऊन पुटपुटला, "तक्रार मागे घेतो. आजच." टॉवरवाला नुसता मान हलवून उभा राहिला; त्यालाही त्यांच्या घरच्या मामल्यात उभं राहणं अवघड झालं होतं.

भाऊजींना वाटलं, आत्ता ती लोकर असती तर आपले हात तरी कुठेतरी अडकले असते. त्या बाईकडे बघवत नव्हतं असं ते म्हणाले होते. आता तिच्याकडे बघायचा त्यांना धीर होत नव्हता.

मुलगी नवऱ्याकडे वळली.

"खुर्चीचं चाक," ती म्हणाली. "तेसुद्धा मला सांगून करायचं होतं. यापुढे तेलाचा थेंब घालायचा तरी सांगून घाला. कळलं?"

"कळलं."

"माझा राग गेला नाही. जाईल की नाही ते माहीत नाही."

"हो."

"आता तो 'हो' नको मला."

मग ती पलंगाकडे गेली, पण दोन हातांवर थांबली. पुढे जायचा तिला हक्क उरलाय का, हे तिलाच ठरवता येत नव्हतं. "आई," ती म्हणाली. "मी म्हणाले होते, बोलवू नकोस. ते मी म्हणालेच होते. ते कुठल्या यंत्राने नाही केलं."

म्हातारीने उशीखाली हात घातला, फोन काढला आणि अंगठ्याने एक बटण दाबलं.

दोन हातांवर, मुलीच्या पिशवीत, फोन वाजला.

मुलीने तो काढला, पण बोटांनी दाबायचं तिला सुचेना. वाजत राहिला. म्हातारीने कूस बदलायचा प्रयत्न केला, कळ आली, तरी तिने तोंड या बाजूला आणलंच.

"उचल की," ती म्हणाली. "आज तरी उचल."

वहिनींनी भाऊजींच्या कोपराला धरून त्यांना बाहेर काढलं. टॉवरवाला आधीच निघाला होता. चष्मेवाले दाराशीच उभे होते, आत जायला नाही, बाहेर जायलाही नाही.

व्हरांड्यात बाळं रडत होती, सगळी एकदम. भाऊजींनी या खेपेला कान झाकले नाहीत. ते काचेच्या दाराशी थांबले.

"वहिनी, मी त्या बाईला..."

"ऐका जरा," वहिनी म्हणाल्या.

त्या एवढ्या कालव्यातलं एक रडणं मधेच थांबलं होतं. कुठल्यातरी आईने ते ओळखलं होतं.